ढोराचं औषध मांजरीला नको

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत पाळीव प्राण्यांवर अधूनमधून मजकूर येतो आणि मी तो शेवटपर्यंत वाचते. पण तो सगळा फ्लॅटवाल्यांसाठी असतो. लिफ्टमध्ये कुत्रा कसा धरावा, बाल्कनीला जाळी कोणती लावावी, सोसायटीनं हरकत घेतली तर काय करावं. आमच्याकडे लिफ्ट नाही, आणि सोसायटी म्हटलं की सेवा सहकारी सोसायटी. तिथं पीककर्जाशिवाय दुसरं काही मागायला कोणी जात नाही. कुत्री-मांजरं मात्र आमच्याकडेही आहेत. पूर्वी गावात कुत्रा म्हणजे गावठीच असायचा, आता बागाईतदारांच्या वाडीवर जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर दिसतात. एकानं तर सेंट बर्नार्ड आणलाय, विदर्भाच्या उन्हात! मांजर तर घरोघरी आहेच. ही दोन पिल्लं एका छपराखाली कशी वाढवायची हे गावातल्या माणसाला कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र. लांबेल, आधीच सांगते.

मी वर्धा जिल्ह्यात, बोरच्या जंगलापासून फार लांब नसलेल्या गावात राहते. आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. गाव अजूनही 'सिस्टरबाई' म्हणतं आणि गोळी मागायला माझ्याच छपरीत येऊन बसतं. घरची संत्र्याची बाग मुलगा पाहतो. रानडुकरांना आणि चोरांना वैतागून त्यानं नागपूरहून जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं. त्याच सुमारास सोयाबीनच्या पोत्यांत उंदीर झाले म्हणून मावसबहिणीकडून मांजरीचं पिल्लू आलं. नातवानं नावं ठेवली टायगर आणि चिंगी. व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी दिवेलागणीला कोणी 'टायगर, टायगर' ओरडत निघालं की गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं काय होतं ते लिहीत नाही. पोराच्या हट्टापुढे इलाज नव्हता.

शेजारचे काकाजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "काहून ऐकून नाही राह्यल्या सिस्टरबाई? कुत्र्या-मांजराचं कधी जमलं हाये का? एक दिवस त्या मांजरीचं बोचकं सापडंन तुमाले." गावात सगळ्यांचं हेच मत. पिढीजात वैर आहे म्हणतात. मला ते पटत नाही. कुत्र्याचं पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे पाहतं, हुंगतं, ते त्याच्या डोक्यात घरचं म्हणून बसतं. मांजराच्या पिल्लाची ही मुदत आणखी लवकर संपते, दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या-नवव्यापर्यंत. म्हणून मांजर आणताना ज्या घरी कुत्रा आहे तिथलंच आणावं. मावसबहिणीकडे गावठी कुत्रा दिवसभर अंगणात पडलेला असायचा, त्यामुळे चिंगीला कुत्र्याचा वास नवा नव्हता. कुत्र्याचं पिल्लूही दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नये. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या केंद्राच्या नियमांनी बंदी आहे, तरी बाजारात डोळे जेमतेम उघडलेली पिल्लं विकतात आणि लोक 'लहानपणापासून लळा लागेल' म्हणून घेतात. आईजवळ आणि भावंडांत राहूनच पिल्लू शिकतं की जोरात चावलं की खेळ बंद होतो. ते न शिकलेलं पिल्लू मांजरीशी खेळायला लागलं की मग काकाजींचं बोचकं खरं होऊ शकतं.

धोका वैराचा नाही, वजनाचा आहे. दोन महिन्यांची मांजर किलोभराच्या आत-बाहेर असते. त्याच वयाचं जर्मन शेफर्डचं पिल्लू सात-आठ किलोचं. मांजर पूर्ण वाढून तीन-चार किलोवर थांबते, कुत्रा तीस-चाळीसवर जातो. आणि मोठ्या जातीच्या कुत्र्याला शरीर आधी येतं, अक्कल मागाहून. वर्षाचा झाला की तो दिसायला अंगापिंडानं पूर्ण कुत्रा, पण डोक्यात अजून पिल्लूच. दीड-दोन वर्षांपर्यंत हेच चालतं. टायगर चिंगीवर प्रेमच करतो. त्याच्या प्रेमाचा पंजा पाठीवर पडला की वरवंटा पडल्यासारखा पडतो, एवढंच.

म्हणून पहिले काही आठवडे दोघांना मोकळं सोडू नये. आम्ही आधी पोती बदलली: ज्या तरटावर तो झोपायचा ते तिच्या खोलीत आणि तिचं त्याच्याकडे, म्हणजे वासाची ओळख आधी झाली. मग जाळीच्या दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणाची भांडी, आधी लांब, मग जरा जवळ. समोरासमोर आणलं तेव्हा तो पट्ट्यात आणि ती मोकळी. लोक उलटं करतात. मांजर हातात धरून कुत्र्याच्या तोंडापुढे नेतात, 'घे, वास घे' म्हणतात. पळायला जागा नसलेली मांजर मग धरणाऱ्याला ओरबाडते आणि कुत्र्याच्या डोळ्यात नख मारते. पिल्लाचा डोळा फुटू शकतो हो. कुत्र्याला आधी चांगलं फिरवून, खाऊ घालून, थकवून मग भेट करावी.

आणि मांजरीला उंच जागा हवी. ही गोष्ट गावाच्या घरात फुकट मिळते. आमच्या कोठ्यात ज्वारीची जुनी कणगी आहे, वर माळा आहे, मुलानं भिंतीला दोन फळ्या ठोकल्या. पहिल्या दिवसांत चिंगी कणगीच्या काठावर बसून खालचा तमाशा बघायची. एकदा टायगरनं पुढचे पाय टेकवून मान वर केली. तिनं जागेवरून न हलता, नखं आत घेऊन, त्याच्या नाकावर टप्‌ टप्‌ अशा दोन थापट्या दिल्या. तो मागे सरला, शिंकला, बसला, आणि माझ्याकडे बघू लागला, म्हणजे मी काही तरी करावं. मी काही केलं नाही. तेवढं शिक्षण मांजरीनंच द्यायचं असतं. नखं बाहेर आली असती तर मात्र मी मधे पडले असते.

दोघांची भाषा वेगळी असते हेही घरच्यांना सांगून ठेवावं लागतं. कुत्रा शेपटी हलवतो तेव्हा बहुधा खुशीत असतो. मांजरीनं शेपटी आपटायला सुरुवात केली की ती वैतागली आहे. कुत्रा पंजा उचलतो तो 'खेळ की' म्हणून, मांजर पंजा उचलते तो 'आता पुरे' म्हणून. पिल्लाला हे कळत नाही, ते आपल्या हिशेबानं अर्थ लावतं आणि मार खातं. नातवाला मी एवढंच शिकवलं की टायगरनं पुढून वाकून मागचं अंग वर केलं तर खेळ आहे. पण तो ताठ उभा राहून, तोंड बंद करून चिंगीकडे एकटक बघायला लागला की लगेच हाक मारायची आणि त्याला दुसरीकडे न्यायचं. धावती मांजर दिसली की कुत्र्याच्या अंगातला शिकारी जागा होतो. तीन महिन्यांच्या पिल्लाला मांजरीमागे पळताना पाहून सगळे हसतात. पण तोच खेळ वर्षानंतर तीस किलोचा कुत्रा खेळेल तेव्हा कोणी हसणार नाही. म्हणून पाठलाग पहिल्या दिवसापासून बंद. रात्री आणि घरी कोणी नसताना दोघं अजूनही वेगळ्या खोल्यांत असतात, आणि हे टायगर दीड वर्षाचा होईपर्यंत असंच राहणार.

आता मोठ्या जातीच्या पिल्लाचं. गावात पहिला सल्ला काय मिळतो? "कॅल्शियम पाजा, हाडं मजबूत होतील." कृषी केंद्रापासून मेडिकलपर्यंत सगळे बाटली पुढे करतात, एकानं तर दुभत्या गाईची पाच लिटरची कॅन आणून दिली. मी आयुष्यभर गरोदर बायकांना कॅल्शियमच्या गोळ्या वाटल्या, मला कॅल्शियमचा राग नाही. पण मोठ्या जातीच्या लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम अडवता येत नाही. जेवढं घालाल त्यातलं बरंच शरीरात जातं. त्यानं हाड मजबूत होत नाही. कूर्चेचं हाड होण्याची जी रीत असते ती बिघडते, सांधे वाकडे येतात. पिल्लांसाठीचं, मोठ्या जातीचं असं लिहिलेलं खाद्य देत असाल तर वरून चमचाभरही लागत नाही. घरचं अन्न देणार असाल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा, मेडिकलवाल्याला नाही. दुसरं, पिल्लू गुटगुटीत दिसलं की लोक कौतुक करतात. जर्मन शेफर्डचं पिल्लू बारीकच बरं. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात. वजन लवकर वाढलं की खुब्याच्या सांध्यावर भार येतो, आणि या जातीत खुब्याचा दोष वंशानंच येतो. आईबापाचे एक्स-रे बघून पिल्लू घेणारा गिऱ्हाईक मी अजून आमच्या भागात पाहिलेला नाही.

पळवण्याचंही तेच. गावातली पोट्टी पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात, त्यांना टायगर सोबत हवा होता. एकानं तर मोटारसायकलला दोरी बांधून पळवायची तयारी दाखवली, 'स्टॅमिना येते' म्हणून. हाडांची टोकं जुळायला मोठ्या कुत्र्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर सक्तीनं पळवणं, जिन्यावरून उड्या, ट्रॉलीवरून उड्या सगळं बंद. त्याला स्वतःहून मातीत हुंदडू द्या, दमला की तो आपणच बसतो. घरात नवीन टाईल्स बसवल्या असतील तर जिथं पिल्लू वावरतं तिथं तरट किंवा जुनी सतरंजी टाका. सारवलेल्या जमिनीवर पाय घसरत नाही, टाईल्सवर चारही पाय चार दिशांना जातात. मांजरीला या कशाचाच त्रास नाही. वर्षाची झाली की ती वाढून मोकळी.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

आमच्याकडे पावसाळा लागला की गोचीड ढोरांवर चढतो, कुत्र्यांवरही चढतो. कुत्र्यांना त्यातून रक्ताचे आजार होतात, ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. तेव्हा गोचीड काढलाच पाहिजे. पण काढतात कशानं? ढोरांच्या गोचीडाचं जे औषध बादलीत कालवून बैलांच्या अंगावर फवारतात, तेच उरलेलं कुत्र्याला चोळतात. या औषधांत सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, अमिट्राझ असं काही तरी असतं. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या थेंबांत बऱ्याचदा परमेथ्रीन असतं. कुत्र्याला योग्य मात्रेत यातलं काही चालतं. मांजरीला नाही. मांजरीच्या यकृताला ही औषधं मोडून बाहेर टाकण्याची ताकदच फार कमी आहे. आणि तिला ते लावावंही लागत नाही. कुत्र्याच्या अंगाला अंग लावून झोपली, त्याचे केस चाटले, मग स्वतःचं अंग चाटलं, एवढं पुरतं. म्हणजे ज्या घरात कुत्र्या-मांजराची दोस्ती जास्त, तिथं धोका जास्त.

गावातल्याच एका घरी हे झालं. कुत्र्याला सकाळी चोळलं, दुकानदार म्हणाला होता, "कुत्र्यालेबी चालते." दुपारी त्यांची पोरगी ओढणीत मांजर गुंडाळून माझ्याकडे धावत आली. तोंडातून लाळेची तार, कान सारखे फडफडत होते, कातडी पाठीवरून लहर गेल्यागत थरथरत होती, मग झटके. मी भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात तिला धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि गाडी काढायला लावली. तालुक्याला पोहोचेपर्यंत ती गेली. पोरगी म्हणत होती, "पण मांजरीले तं आम्ही काहीच लावलं नव्हतं." तिला काय उत्तर द्यायचं?

असं झालंच तर तेच करा: साबणानं धुवा, उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका, डबी सोबत घेऊन डॉक्टर गाठा. त्याआधीचं जास्त महत्त्वाचं आहे. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध घेतानाच सांगा, 'घरी मांजर आहे.' गोचीडासाठी कुत्र्याला खायची गोळी मिळते, वजनाप्रमाणे. महाग वाटते, पण अंगाला काही लागलेलं राहत नाही म्हणून मांजरीचा प्रश्न मिटतो. अंगाला लावायचंच असेल तर दोघांना दोन-तीन दिवस वेगळं ठेवा. गोचीड-जंतांवरच्या आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही गावात कोणीही कोणालाही टोचतो. मेंढ्या राखणाऱ्या कुळीतल्या काही कुत्र्यांना ते सोसत नाही, आणि जर्मन शेफर्ड त्याच कुळीतला.

दुसरं पॅरासिटामॉल. ही गोळी माझ्याकडे मागायला येतात म्हणून मला माहीत आहे ती कुठं कुठं जाते. "मांजर तापलं हाये, अर्धी द्या." पॅरासिटामॉलची अर्धी गोळी लहान मांजरीचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी-निळ्या पडतात, तोंड सुजतं. माणसाच्या बाळाला आपण जे बिनधास्त देतो ते मांजरीला विष आहे, हे मी अंगणवाडीत मातांच्या बैठकीत सुद्धा सांगते. विषय निघाला नाही तरी काढते.

तिसरं उंदराचं औषध. सोयाबीनच्या पोत्यांमागे ब्रोमाडायलोनच्या वड्या टाकतात. उंदीर ते खाऊन लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगत फिरतो, आणि असा उंदीर मांजरीला आयता सापडतो. त्यानं मांजरीचं, कुत्र्याचं रक्त गोठणं थांबतं. त्यावर व्हिटॅमिन के आहे, जे आम्ही नवजात बाळाला टोचतो तेच. पण किती आणि किती दिवस ते डॉक्टरच ठरवतील, आणि वेळेत पोहोचलं तर. मांजर पाळायची आणि वड्याही टाकायच्या, हे दोन्ही कशाला? एक काय ते ठरवा.

खाण्याचं थोडक्यात. कुत्र्याचं खाद्य मांजरीला घालून भागत नाही. मांजर मांसाहारीच, तिला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच लागतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय जातं. दूध-पोळीवर मांजर जगते असं आपण म्हणतो, ती जगते ती चोरून खाल्लेल्या उंदीर-पाखरांवर. बऱ्याच मांजरांना गाईच्या दुधानं हगवण लागते, आमच्या गवळाऊ गाईचं असलं तरी. कांदा-लसणाचा रस्सा दोघांनाही नको. मांजरीचं ताट उंचावर ठेवा, नाही तर टायगरसारखा कुत्रा ते आधी संपवतो. तिची शी-शूची राखेची पेटीही अशा जागी ठेवा जिथं कुत्र्याचं तोंड पोहोचणार नाही; का ते लिहीत नाही, ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांना माहीत आहे. सून गरोदर असेल तर ती पेटी दुसऱ्यानं रोज साफ करावी, मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. माझ्या नोकरीत सासवांनी किती मांजरी पोत्यात घालून नदीपलीकडे सोडल्या त्याचा हिशेब नाही.

लसीचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. कुत्र्याला सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून डिस्टेम्पर-पार्व्होची लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत, तीन महिन्यांनंतर रेबीजची. मांजरीला आठव्या आठवड्यापासून तिची वेगळी तीन रोगांची लस, आणि तीन महिन्यांनंतर रेबीज. कुत्र्याची लस मांजरीला चालत नाही. पण मांजरीची लस आमच्या भागात मिळते कुठं? ढोराच्या दवाखान्यात लाळ्या-खुरकुताची, फऱ्याची लस असते, मांजरीची नसते. त्यांना दोष देत नाही, दवाखाना ढोरांसाठीच आहे आणि एकेका डॉक्टरकडे गावंच्या गावं आहेत. मग लोक नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरतात, किंवा धरत नाहीत. कोणी एखादा हौशी मुलगा मेडिकलमधून लस घेतो आणि मे महिन्यात दुचाकीच्या डिक्कीत टाकून घरी आणतो. लस 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. मी वर्षानुवर्षं खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर लटकवून वस्त्यांवर गेले, आइस पॅक वितळले तर लस परत आणली. डिक्कीत शिजलेली लस टोचणं म्हणजे नुसतं पाणी टोचणं, आणि वर मनाला खोटा धीर.

जंगलालगतच्या गावांत कुत्र्याची लस ही नुसती घरची बाब राहत नाही. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यांच्यातल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेम्परचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांचा आजार. बोर 2014 साली व्याघ्र प्रकल्प झाला, आमच्या शिवारापर्यंत बिबट्या येतो, आणि बिबट्याला कुत्रा आवडतो हे कोणाला सांगायला नको. बिनलसीचा आजारी कुत्रा त्यानं नेला तर पुढचं काय? त्याच कारणासाठी, 'जर्मन आहे, बिबट्याला फाडेल' म्हणून पिल्लू रात्री बागेत साखळीला बांधणाऱ्यांनी ते थांबवावं. साखळीतला कुत्रा पळूही शकत नाही. टायगर रात्री घरात झोपतो. बाग राखायची ती दिवसा, तीही मोठा झाल्यावर.

रेबीजचं एक वाक्य. मांजरीनं ओरबाडलं, चावलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यायची. 'कुत्र्याचंच असते, मांजरीचं नसते' हे ऐकून मी थकले.

उन्हाळ्याचं आमच्या वाचकांना मी काय सांगावं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, माणूस छपरीबाहेर पडत नाही, आणि लोक जर्मन शेफर्डला दुपारी चारला फिरवतात. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून ठेवता येत नसेल तर त्याचे तळवेही ठेवता येत नाहीत. पहाटे नाही तर रात्री. उन्हाळ्यात त्याची हजामत करू नका, आतली लव उन्हापासून वाचवते. विंचरून सुटे केस काढा. लू लागली तर साध्या पाण्यानं पोट, काखा, पाय भिजवा, वारा घाला, बर्फात बसवू नका. चिंगीनं स्वतःची सोय कधीच केली आहे, रांजणाच्या घडवंचीखालच्या ओल्या वाळूत. टायगरही आता तिथंच थूथन घालतो. अंग मावत नाही.

संपादक महोदय, मागणं एवढंच. तालुक्याच्या ठिकाणी बाजाराच्या दिवशी अर्धा दिवस कुत्र्या-मांजरांसाठी ठेवावा, त्या दिवशी मांजरीची लस शीतपेटीत यावी. बाजाराला लोक येतातच, पिशवीत मांजर आणणं अवघड नाही. 1962 वर फोन केला की फिरतं पशुचिकित्सा पथक येतं, त्याच्या गाडीत दोन-चार मात्रा ठेवता येतील का ते पशुसंवर्धन खात्यानं पाहावं. आणि ढोरांच्या गोचीडाच्या औषधाच्या डबीवर 'मांजरीला विषारी' असं ठळक मराठीत, मांजरीच्या चित्रासह छापावं; चित्र अशासाठी की डबी वाचून औषध लावणारा माणूस मी फार कमी पाहिला.

पत्र लांबलं, आपली जागा मला माहीत आहे. कापायचं असेल तर उन्हाळ्याचं कापा, माझ्या नातवाचं कापा, सोसायटीचा विनोदही गेला तरी चालेल. गोचीडाच्या औषधाचा आणि पॅरासिटामॉलचा मजकूर मात्र आहे तसा छापा, आणि शक्यतो पोळ्याच्या आत. पोळ्याला बैल धुतात तेव्हाच ती बादली निघते.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
जि. वर्धा